काउंट नॉर्मल आला म्हणून थांबू नकोस

अगं, "त्यांचा रिपोर्ट नॉर्मल आहे ताई, म्हणजे खोट माझ्यातच," हे तुझं काल फोनवरचं बोलणं मला फार लागलं. दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा आठव्या-नवव्या आठवड्यात बाळाचे ठोके थांबले. तुझी थायरॉइडची तपासणी झाली, साखरेची झाली, गर्भाशयाची सोनोग्राफी झाली. भावोजींची मात्र एकच वीर्यतपासणी, तीही लग्नानंतर लगेचची. बदलापुरात मांजर्लीतल्या शेजारणी विचारतात तेही तुलाच. हे मला अजिबात मान्य नाही.

त्या साध्या तपासणीत शुक्राणू किती आहेत, हलतात किती आणि दिसायला कसे आहेत, मुख्यतः एवढंच कळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत एका मिलिलिटरला १ कोटी ६० लाख ही खालची मर्यादा दिली आहे. त्याच्या वर आकडा गेला की लॅबवाले 'नॉर्मल' लिहितात. पण पाकीट कोरं करकरीत असलं तरी आतलं पत्र फाटलेलं असू शकतं ना? शुक्राणूच्या डोक्यातला डीएनए धड आहे की तुटलाय, हे काउंटवरून समजत नाही. थोडी तूट स्त्रीबीज स्वतःच दुरुस्त करतं. तूट जास्त असली तर दिवस राहतात, गर्भ वाढू लागतो आणि मध्येच अडू शकतो. तुझ्या बाबतीत हेच घडलं असं मी म्हणत नाही. पण हे कुणी तपासलेलंच नाही, आणि दोष मात्र तू पदरात घेऊन बसलीस.

ही तपासणी डीएनए फ्रॅगमेंटेशन किंवा डीएफआय म्हणून मिळते. मूल होत नाही म्हणून पहिल्यांदाच दवाखान्यात गेलेल्या प्रत्येक जोडप्याने ती करावी, असं तज्ज्ञ सांगत नाहीत, म्हणून उगाच सगळ्यांना सांगत सुटू नकोस. पण पुन्हा पुन्हा गर्भपात होत असतील तर पुरुषाची ही तपासणी करावी, असं अमेरिकेतल्या युरॉलॉजी आणि प्रजननतज्ज्ञांच्या संघटनांनी लिहून ठेवलं आहे. तू त्यात बसतेस. डॉक्टरांना नावानिशी विचार.

आणि एक नीट लक्षात ठेव. नमुना जितका वेळ पडून राहील तितकी तूट वाढते. तो तासाभराच्या आत लॅबमध्ये पोचायला हवा. घरी घेऊन बदलापूर लोकलने दादरला नेण्यात तो तास सहज उलटतो. भावोजींना लॅबमध्येच जाऊन देऊ दे. आधी किती दिवस संबंध टाळायचे ते लॅबला विचारा, आणि पुन्हा तपासणी करायची वेळ आली तर तेव्हाही तेवढेच दिवस ठेवा, नाहीतर दोन रिपोर्ट ताडून बघता येणार नाहीत. पावसाळ्यात डेंग्यूसारखा जोराचा ताप येऊन गेला असेल तर लगेच करू नका, कारण तापाचा परिणाम दोन-तीन महिने राहतो. काही पद्धतींत ३० टक्क्यांच्या वर तूट असली तर जास्त धरतात, पण प्रत्येक पद्धतीचा आकडा वेगळा असतो.

आकडा जास्त आला तरी घाबरू नकोस. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, म्हणजे तीन महिन्यांनी जवळजवळ सगळं पीक नवं असतं. तोवर तंबाखू, गुटखा, सिगारेट बंद; वजन आणि साखर ताब्यात. जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन देत असेल तर त्याने शुक्राणू बनणंच थांबतं, हे भावोजींना स्पष्ट सांग. एकदा युरॉलॉजिस्टकडून अंडकोषातल्या शिरा फुगल्यात का हे तपासून घ्या. व्हेरिकोसील म्हणतात त्याला. ते बऱ्याच पुरुषांत असतं आणि ऑपरेशनने तूट कमी होऊ शकते. अँटिऑक्सिडंटच्या महागड्या डब्यांवर मात्र भरवसा ठेवू नकोस. त्याने मूल होतंच असा पुरावा नाही.

खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर परळला केईएमजवळ आयसीएमआरची प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था आहे, तिथे चौकशी कर. १९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून केईएममध्ये टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आलं, त्या कामात ही संस्था सोबत होती.

भावोजींशी बोलताना "तुमच्यात दोष आहे" असं म्हणू नकोस. "आपली तपासणी अर्धीच झाली आहे," असं सांग. पुरुषाला हे ऐकणं जड जातं, आणि ते रागावले तर दोन दिवस गप्प राहा, मग पुन्हा विषय काढ. तिसऱ्यांदा दिवस जाण्याआधी एवढं करून घे, बाळा, आणि डॉक्टरांकडे जाताना त्यांना सोबत घेऊनच जा.