आधी कोअर फाइल उघड

अगं, सर्व्हरच खराब आहे असं सरांना कळवायची घाई करू नकोस. आणि प्रोग्राम पहिल्यापासून लिहायला तर मुळीच बसू नकोस. जुन्या मशिनवर बिनतक्रार चाललेला प्रोग्राम नव्यावर पहिल्याच दिवशी पडला की जीव कसा खालीवर होतो, ते मला ठाऊक आहे. पण बहुतेक वेळा चूक आधीपासून कोडमध्येच असते. जुनं मशिन ती पोटात घालत असतं, इतकंच.

पुण्याच्या सी-डॅकचे महासंगणक घे. २००३ चा ‘परम पद्म’ आयबीएमच्या पॉवर प्रोसेसरवर, एआयएक्स या युनिक्सवर चालायचा. २००८ चा ‘परम युवा’ इंटेलच्या झिऑनवर, लिनक्स घेऊन आला. एआयएक्सवर नल पॉइंटरमधून वाचलं तर मुकाट शून्य मिळतं आणि गाडी पुढे जाते. लिनक्स तिथेच सेगमेंटेशन फॉल्ट देतं. शिवाय दोन्हीकडचा आकड्यातल्या बाइट्सचा क्रम एकमेकांच्या उलट. एकीकडे लिहिलेली बायनरी फाइल दुसरीकडे तशीच वाचली, तर ३२ बिटांतला १ हा १,६७,७७,२१६ होऊन समोर येतो. तो एखाद्या अ‍ॅरेची लांबी असेल तर पुढचं सांगायलाच नको.

तुझ्या बोलण्यातलं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही: इंग्रजी नावांची यादी दिली की चालतो, मराठी दिली की पडतो. त्यात जुना सर्व्हर एआरएमचा, नवा इंटेलचा. माझा संशय तिथेच आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट्स खातं. ‘महागाव’ लिहिलंस की काना धरून सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट्स. त्यातल्या ‘म’चा पहिलाच बाइट २२४. एआरएमच्या लिनक्सवर साधा कॅर अनसाइन्ड असतो, म्हणून २२४ हा २२४ च राहतो. इंटेलवर तोच कॅर साइन्ड, आणि २२४ चा होतो उणे ३२. तू तो बाइट सरळ तक्त्याचा इंडेक्स म्हणून वापरतेस ना? मग प्रोग्राम तक्त्याच्या सुरुवातीच्याही ३२ घरं मागे जातो आणि तिथे जे पडलेलं असेल ते खरं मानून चालतो. इंग्रजी अक्षरं सगळी १२८ च्या आत, म्हणून ती निभावून जातात.

पण ताई म्हणाली म्हणून खरं मानू नकोस, मशिनला विचार. ‘-जी’ लावून पुन्हा कंपाइल कर, ‘यूलिमिट -सी अनलिमिटेड’ दे आणि पडू दे त्याला, म्हणजे त्या क्षणाची मेमरी कोअर फाइलमध्ये उतरेल. कोअर फाइल जवळपास दिसली नाही तर ‘कोअरडम्पसीटीएल’कडे बघ, कधीकधी सिस्टिमडी ती उचलून ठेवतं. जीडीबीत उघडून ‘बीटी’ मार. कुठल्या ओळीवर पडला ते कळेल. तिथे इंडेक्स छापून बघ. उणे आला तर एकदा ‘-एफअनसाइन्ड-कॅर’ देऊन कंपाइल कर. पडायचा थांबला तर चोर सापडला. तो फ्लॅग मात्र तसाच ठेवून मोकळी होऊ नकोस गं. उद्या दुसरं कुणी त्याच्याशिवाय बिल्ड करेल आणि माझ्या बहिणीचं नाव घेईल. कोडमध्येच अनसाइन्ड कॅर कर, जिथे जिथे तो तक्ता वापरला आहेस तिथे सगळीकडे.

हे सगळं टीमक्समध्ये कर. महागावात पावसात लाइट गेली, नेट तुटलं, तरी सर्व्हरवरचं काम जागेवर राहील. आणि उपाशीपोटी बसू नकोस, आई सांगत होती तू दुपारीही जेवली नाहीस.

‘बीटी’च्या वरच्या चारपाच ओळी मला पाठव, रात्री निवांत फोन करते. कोअर फाइल मात्र मलाही पाठवू नकोस. प्रोग्राम पडला त्या क्षणी मेमरीत असलेली तुझ्या यादीतल्या शेतकऱ्यांची नावं, खाते नंबर तिच्यात तशीच्या तशी असतात. काम झालं की ती पुसून टाक.