सुकतळ्याचे आयुष्य

दिव्यांग व्यक्तींना साहित्य वाटपाचा कार्यक्रम तालुक्याच्या ठिकाणी पार पडतो, तेव्हा तीनचाकी सायकली, कुबड्या आणि श्रवणयंत्रे यांच्या रांगेत एका टोकाला पादत्राणांचे खोकेही असते. साहित्य दिल्याची नोंद होते, पोचपावतीवर सही अथवा अंगठा घेतला जातो आणि नोंदवहीपुरते काम पूर्ण होते. कुबडीच्या बाबतीत ही पद्धत काही काळ चालून जाते. पायाच्या मापाने बनविलेल्या सुकतळ्याच्या बाबतीत मात्र वाटपाचा दिवस हा कामाचा केवळ आरंभ होय. कारण त्याच दिवसापासून तो दबू आणि झिजू लागतो.

पादत्राणाच्या आत तळपायाखाली येणारा थर म्हणजे सुकतळा. बाजारी चपलेत तो सपाट असतो. वैद्यकीय गरजेसाठी तो बनवावयाचा झाल्यास प्रथम पायाचा ठसा प्लॅस्टरमध्ये किंवा मऊ फेसाच्या पेटीत घेतात, त्यावरून पायाची प्रतिकृती तयार करतात आणि तापवून मऊ केलेला पत्रा किंवा थर तिच्यावर बसवितात. कमानीला आधार देणे, टाच वाटीत नीट धरून ठेवणे आणि एखाद्या हाडाखाली एकवटणारा भार सर्व तळव्यावर पसरविणे ही त्याची कामे होत. ती सारी आकार आणि जाडी यांवर अवलंबून असतात. आकार गेला की नावाला सुकतळा उरतो, उपचार उरत नाही.

पुणे शहराला या विद्येची जुनी ओळख आहे. दुसऱ्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी १९४४ मध्ये येथे कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. कोंढवा येथील डॉ. बांदोरवाला कुष्ठरोग रुग्णालय हे नाव जिल्ह्यातील जुन्या आरोग्य कर्मचाऱ्यांना सांगावे लागत नाही. कृत्रिम पाय सर्वांच्या नजरेत भरतो, त्याचे छायाचित्रही छापून येते. पाय कापावा लागू नये म्हणून चपलेत दडून काम करणाऱ्या बोटभर जाडीच्या थराचे छायाचित्र सहसा कोणी काढत नाही.

कोणता थर किती टिकतो

या प्रश्नाला एक आकडा देता येत नाही, कारण सुकतळे एका जातीचे नसतात. पॉलिप्रॉपिलीनसारख्या कठीण प्लॅस्टिकचे कवच आपला आकार काही वर्षे राखते. त्याला तडा जाऊ शकतो, परंतु ते दबत नाही. त्याच्यावरचे कापडाचे वा चामड्याचे आवरण मात्र बरेच आधी फाटते, घामाने कडक होते किंवा टाचेखाली गुंडाळी होऊन रुतू लागते. ते बदलले की कवच पुन्हा उपयोगी पडते. मऊ थरांची गोष्ट निराळी. फेसाच्या जातीच्या पदार्थांत हवेच्या असंख्य बारीक पेशी असतात आणि त्यांच्यामुळेच भार झेलला जातो. प्रत्येक पावलागणिक त्या दबतात व पुन्हा फुगतात. हळूहळू त्यांच्या भिंती मोडतात आणि थर पुन्हा वर येत नाही. रोज वापरातला मऊ सुकतळा सहा महिने ते वर्षभरात बदलण्याजोगा होतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. चवड्याखाली आणि टाचेखाली, म्हणजे जेथे त्याची खरी गरज असते, नेमका तेथेच तो प्रथम संपतो.

पुण्याच्या हवामानाचाही यात वाटा आहे. जून ते सप्टेंबर ओले पादत्राण वाळण्यास वेळ मिळत नाही. डिंक सुटतो, चामड्याला बुरशी धरते. पुष्कळ जण अशा वेळी चप्पल चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवतात. ज्या थराला तापवूनच आकार दिलेला असतो, त्याचा आकार उष्णतेने बिघडणार, हे उघड आहे. तो सावलीत, वाऱ्यावर वाळवावा.

आषाढी वारीचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. आळंदी आणि देहूहून निघालेल्या पालख्या पुण्यात मुक्काम करून पंढरपूरकडे जातात. वाट ढोबळ मानाने अडीचशे किलोमीटरची. एक पाऊल सुमारे ६५ सेंटिमीटरचे धरले, तर ही वाट जवळजवळ ३ लाख ८० हजार पावलांची होते. म्हणजे प्रत्येक पायाच्या वाट्याला १ लाख ९० हजार. घरी असताना दिवसाकाठी पाच हजार पावले चालणाऱ्या माणसाचा सुकतळा इतके दाब सोसण्यास सुमारे अडीच महिने घेतो. वारीत ते तीन आठवड्यांच्या आत होते आणि तेही पावसात. गेल्या पावसाळ्यातला सुकतळा घालून या वर्षी वारीला निघालेल्या मधुमेही वारकऱ्याने आळंदीतच तो एकदा काढून पाहिलेला बरा.

ज्या पायाला दुखत नाही

निरोगी माणसाच्या चपलेचा तळ झिजला तर पाय स्वतःच तक्रार करतो. टाच ठणकते, कुरूप दुखते, माणूस लंगडतो आणि दुरुस्तीसाठी जातो. कुष्ठरोगाने किंवा दीर्घकाळच्या मधुमेहाने ज्याच्या तळव्याची संवेदना गेली आहे, त्याच्याकडे ही सूचना पोहोचतच नाही. वेल्लोर येथे १९४६ पासून काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी हे वैद्यकीय जगासमोर स्पष्टपणे मांडले. कुष्ठरुग्णांची बोटे व पाय रोगाने आपोआप 'झडतात' ही समजूत त्यांनी खोडून काढली. बधिर भागावर जखमा होत राहतात, त्यांची जाणीव न झाल्याने माणूस त्याच जखमेवर चालत राहतो आणि हाड नासते, असे त्यांनी दाखविले. खिळा टोचून झालेल्या जखमेइतकीच, रोज त्याच जागी पडणाऱ्या मध्यम दाबाने होणारी जखमही घातक असते.

याच विचारातून वेल्लोर आणि जवळच्या करिगिरी येथे सूक्ष्मपेशी रबराच्या, म्हणजेच ज्यांना आरोग्य केंद्रात 'एमसीआर चपला' म्हणतात त्यांच्या, वापराला चालना मिळाली. आत मऊ, दबून पुन्हा वर येणारे रबर आणि खाली काटा-खिळा आत जाऊ न देणारा कठीण तळ, अशी ही रचना आहे. तिच्यात खिळे वापरीत नाहीत, आणि मागे पट्टा असतो. कारण बधिर पायातून चप्पल निसटली तर ते कळत नाही.

राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात गरजू रुग्णाला वर्षाला असे दोन जोड देण्याची तरतूद आहे. म्हणजे या रबराचे उपयुक्त आयुष्य सुमारे सहा महिने धरलेले आहे. केंद्र शासनाच्या १९८१ पासूनच्या 'एडिप' योजनेत मात्र तेच साहित्य पुन्हा मिळण्यासाठी सर्वसाधारणपणे तीन वर्षांचे अंतर ठेवलेले आहे; १२ वर्षांखालील मुलांसाठी ते एक वर्षाचे आहे. सायकल किंवा कॅलिपर यांचा विचार केल्यास ही मुदत समजण्यासारखी आहे. मऊ सुकतळ्याला तीच मुदत लावणे म्हणजे त्याच्या आयुष्याच्या कित्येक पट काळ निरुपयोगी वस्तूवर विसंबणे होय. मधुमेहाने पाय बधिर झालेल्याची स्थिती याहून अवघड आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठरोगमुक्त व्यक्तींचा समावेश आहे. मधुमेह त्या अनुसूचीत नाही. पाय शाबूत असेपर्यंत सुकतळ्याचा खर्च अशा रुग्णाला बहुधा स्वतःच करावा लागतो. पाय गमावल्यानंतर तो योजनेस पात्र ठरतो, हा क्रम विचार करायला लावणारा आहे.

पाहणी कशी करावी

बधिर पायाच्या माणसाला आपला सुकतळा संपला हे कळत नसेल, तर ते दुसऱ्या कोणीतरी पाहावयास हवे. घरातली व्यक्ती, आशा कार्यकर्ती, शाळेतील शिक्षक यांना त्यासाठी यंत्राची गरज नाही. टाचेखाली आणि अंगठ्याच्या मुळाखाली रबर अंगठ्याने दाबावे व सोडावे. ते दबून लगेच वर आले तर ठीक. खळगा तसाच राहिला किंवा रबर मुळीच दबले नाही तर जोड बदलावा. त्यानंतर पाय पाहावा. लाली, घट्ट्याखाली काळसर डाग, किंवा शेजारच्या भागापेक्षा गरम लागणारी जागा दिसल्यास जखम उघडण्याची वाट न पाहता रुग्णास आरोग्य केंद्रात न्यावे.

सुकतळा शाबूत आणि पाय बदललेला, असेही घडते. वजन वाढते, सांधे ढासळतात, शस्त्रक्रिया होते. मुलांच्या बाबतीत तर वाढ हेच कारण पुरेसे आहे. जूनमध्ये बसणारा आधार पुढच्या जूनमध्ये कमानीच्या मागे सरकलेला असतो. शाळेत दरवर्षी आरोग्य तपासणी होते, तेव्हा अशा मुलाला बूट काढावयास सांगावे आणि बूटही तपासावा.

याउलट, वर्षभरानंतरही नवाकोरा दिसणारा जोड पाहून समाधान मानू नये. तो बहुधा वापरलेलाच नसतो. एमसीआर चपलेचा काळा, ओळखू येणारा नमुना पायात दिसला की गाव रोगाचे नाव घेते, म्हणून अनेकांनी ती घरात ठेवून दिली. नेहमीच्या चपलेसारखे रंग व पट्टे देण्याचा आग्रह त्यामुळेच धरला जातो. शिवाय आपल्याकडे उंबऱ्याबाहेर चप्पल काढण्याची रीत आहे. घरातल्या फरशीवर, मोरीत, देवळाच्या तापलेल्या दगडावर बधिर पाय उघडाच असतो. अशा व्यक्तीसाठी केवळ घरात वापरावयाचा स्वच्छ जोड वेगळा ठेवणे हाच मार्ग आहे, आणि घरातील वडीलधाऱ्यांची समजूत घालण्याचे काम परक्यापेक्षा गावातील पंच अधिक सहज करू शकतात.

ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा आहे. या खर्चाचे नियोजन करताना गावातील बधिर पायाच्या व्यक्तींची यादी आरोग्य उपकेंद्राकडून घेतली, तर दर सहा महिन्यांनी किती जोड लागतील ते आधीच समजते. जोड देताना तळाच्या आतल्या बाजूस न पुसणाऱ्या शाईने महिना व वर्ष लिहून ठेवावे. नवा जोड पहिल्या दिवशी तासभरच घालावा, पाय पाहावा आणि मग वेळ वाढवीत जावे. जुना जोड लगेच टाकून देऊ नये. पुढील मापाच्या वेळी तो तंत्रज्ञास दाखवावा; त्याच्यावर उमटलेल्या खळग्यांवरून भार कोठे पडतो आहे, हे त्याला समजते.