पावसाळी उदासी आणि डोळ्यांतला उजेड

"डॉक्टर, अंगात त्राणच उरलं नाही. एक सलाईन लावून टाका." श्रावण लागला की विठ्ठलवाडीतील माझ्या दवाखान्यात ही मागणी करणारे काही रुग्ण ठरलेले असतात. त्यांपैकी एका चाळिशीच्या गृहिणीचे उदाहरण घेऊ. सकाळी उठवत नाही, दुपारी पुन्हा झोप, सारखे गोड खावेसे वाटते, मुलांवर चिडचिड होते आणि एकटे असताना रडू येते. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड सर्व ठीक. आधीची दोन वर्षेही हा त्रास पावसाळ्यातच सुरू होऊन नवरात्राच्या सुमारास ओसरला होता. घराची चौकशी केली. तळमजल्यावरची खोली, आणि पावसाची झड आत येऊ नये म्हणून एकुलत्या एका खिडकीला जूनपासून जाड निळे प्लास्टिक बांधलेले!

ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याचे शास्त्रीय वर्णन १९८४ साली अमेरिकेत डॉ. नॉर्मन रोझेन्थाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. हा मुख्यतः थंड देशांतील हिवाळ्याचा आजार. डिसेंबरात लंडनचा दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. तिकडे नोकरीला गेलेल्या आपल्या मुलामुलींना हा त्रास होऊ शकतो, हे पालकांनी लक्षात ठेवावे. आपल्याकडे सर्वांत लहान दिवसही सुमारे अकरा तासांचा असतो. म्हणून येथे खरी अडचण हिवाळ्याची नसून पावसाळी ढगांची आणि अंधाऱ्या घरांची आहे.

आता डोळ्यांचा यात काय संबंध, ते पाहू. डोळा दोन कामे करतो. एक पाहण्याचे, दुसरे, दिवस उजाडल्याची वर्दी मेंदूला देण्याचे. १९९५ साली असे आढळले की, काहीही न दिसणाऱ्या काही अंध व्यक्तींच्या डोळ्यांवर प्रखर प्रकाश टाकल्यावर त्यांच्या रक्तातील मेलॅटोनिन हे झोपेशी संबंधित संप्रेरक घटते. याचा उलगडा पुढे झाला. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, मेलॅनोप्सिन हे द्रव्य असलेल्या थोड्या पेशी असतात. त्या स्वतःच प्रकाश टिपतात, हे २००२ साली सिद्ध झाले. त्यांचा निरोप मेंदूतील घड्याळाकडे जातो. निरोप क्षीण असेल तर घड्याळ रेंगाळते. झोप, भूक आणि मनःस्थिती बिघडू शकते.

ही संवेदनशीलता सर्वांची सारखी नसते. हिवाळी नैराश्याच्या काही रुग्णांत रेटिनाचा प्रकाशाला मिळणारा प्रतिसाद हिवाळ्यात मंदावलेला आढळला आहे. म्हणूनच त्याच घरातील एकाला त्रास होतो, दुसऱ्याला होत नाही.

शिवाय डोळा आपल्याला फसवतो. अंधारात बाहुली मोठी होते, नजर सरावते आणि "घरात उजेड आहे की!" असे वाटते. प्रत्यक्षात ट्यूबलाईटच्या खोलीत साधारण शंभर ते तीनशे लक्स प्रकाश असतो. ढगाळ दिवशीही उघड्यावर तो काही हजार लक्स असतो.

यावर पुढील उपाय करावेत.

१. सकाळी उठल्यावर तासाभरात अर्धा तास उघड्यावर घालवावा. पाऊस असल्यास गॅलरीत बसावे. सूर्याकडे मात्र रोखून पाहू नये.

२. खिडकीला पारदर्शक प्लास्टिक लावावे.

३. झोपण्यापूर्वी तासभर दिवे मंद करावेत, मोबाईल दूर ठेवावा.

४. वृद्धांचा मोतीबिंदू तपासून घ्यावा. वयानुसार डोळ्याचे भिंग पिवळे पडते आणि घड्याळाला लागणारा निळसर प्रकाश आत कमी पोहोचतो. "ऑपरेशन थंडीतच करावे" ही जुनी समजूत आता सोडावी.

५. परदेशात दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर सकाळी अर्धा तास बसवतात. रेटिनाचा विकार किंवा उन्मादाचे झटके असणाऱ्यांनी हा उपचार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

मात्र प्रत्येक उदासीचा दोष ढगांवर ढकलू नये. कर्ज, घरातील दारू, जवळच्या माणसाचा मृत्यू यांमुळेही नैराश्य येते. त्यात अनेकदा झोप उडते आणि भूक मरते. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खिन्न राहिले तर डॉक्टरांना दाखवावे. जगणे नकोसे वाटत असेल तर एक दिवसही थांबू नये. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे.

त्या बाईंनी प्लास्टिक बदलले. मुलाला शाळेत सोडायला त्या स्वतः चालत जाऊ लागल्या आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याने गोळीही घेऊ लागल्या. त्या वर्षी गणपतीला त्यांनी घरी मोदक केले. सलाईन लावावे लागले नाही.