सपाट टीव्ही : पडदा काळा पडतो तेव्हा

वाशिम, रिसोड, कारंजा असो की मानोऱ्याकडचे एखादे खेडे, आज घरोघरी भिंतीवर सपाट टीव्ही दिसतो. पण तो काळा पडला, की "पॅनेल गेले, नवीन घ्या" एवढे ऐकून आपण गप्प बसतो. आमच्यावरही हा प्रसंग आला. म्हणून विद्यार्थी मित्रांनी या संचाचे कार्य समजून घ्यावे, हा या लेखाचा हेतू.

जुन्या पेटीवजा संचात काचेच्या नळीतून इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर आदळे आणि तेथील लेप चमकून चित्र उमटे. सपाट संचात हा झोत नाही. 'एलईडी टीव्ही' म्हणून विकले जाणारे बहुतेक संच मुळात एलसीडीच असतात. एलईडी दिवे असतात ते पॅनेलच्या मागे. पॅनेल स्वतः प्रकाश देत नाही; मागचा प्रकाश अडवते किंवा सोडते.

हे काम द्रवस्फटिक करतात. हा पदार्थ द्रवासारखा वाहतो, पण त्याचे रेणू स्फटिकासारखी शिस्त पाळतात. १८८८ साली ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक रायनित्झर यांना तो प्रथम आढळला. बंगलोरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर व सहकाऱ्यांनी १९७७ साली तबकडीसारख्या रेणूंच्या द्रवस्फटिकांचा शोध लावला, ही आपल्याला अभिमानाची बाब आहे.

पॅनेलमध्ये एकाच दिशेची प्रकाशकंपने जाऊ देणाऱ्या दोन फिल्म एकमेकींना आडव्या बसवलेल्या असतात. त्यामुळे पहिलीतून आलेला प्रकाश दुसरीत अडायला हवा. परंतु एका प्रचलित रचनेत मधले पिळलेले रेणू त्या कंपनांची दिशा वळवतात व प्रकाश बाहेर येतो. विद्युतदाब दिला की रेणूंचा पीळ सुटतो आणि प्रकाश अडतो. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येकाचे लाल, हिरवा व निळा असे तीन भाग असतात.

आता काळ्या पडद्याकडे वळू. आवाज येतो, चित्र नाही, अशा वेळी खोलीत अंधार करून पडद्यालगत तिरका टॉर्च धरावा. अंधुक चित्र हलताना दिसले, तर पॅनेल चित्र तयार करीत आहे; बिघाड मागच्या दिव्यांच्या पट्ट्यांत किंवा त्यांच्या वीजपुरवठ्यात असावा. पट्ट्या बदलणे नव्या पॅनेलपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. आमचा संच असाच पुन्हा सुरू झाला. ओलेड संचात मात्र प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, तेथे ही कसोटी लागू नाही.

संच स्वतः उघडू नये; प्लग काढल्यावरही आत वीज साठलेली असू शकते. दुरुस्ती जाणकारानेच करावी. पण त्याला नेमका प्रश्न विचारण्याइतके ज्ञान आपणाजवळ असावे. कष्टाचा पैसा त्यानेच वाचतो.