वजनदार पांघरूण घ्यावं का?

प्रश्न : आमचा चार वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे. रात्री एक वाजेपर्यंत झोपत नाही. ऑनलाइन मिळणारं वजनदार पांघरूण घेऊ का?
– एक आई, मुरूड

उत्तर : ताई, नको. ब्रिटनमध्ये ५ ते १६ वर्षांच्या ६७ स्वमग्न मुलांवर झालेल्या चाचणीत (२०१४) अशा पांघरुणाने झोप वाढली नाही. मुलांना ते आवडलं, एवढंच. लहान मुलाला ते स्वतःहून बाजूला सारता आलं नाही, तर धोकाच. शिवाय मुरूडच्या दमट उकाड्यात घामानेच तो जागा राहील!

त्याला दाब आवडत असेल, तर झोपण्याआधी हातपाय सावकाश, घट्ट दाबून द्या. अंग चोरत असेल, तर थांबा. कपडे जुने, मऊ सुती हवेत, मानेवरचं लेबल कापलेलं. पंख्याच्या एकसुरी आवाजाची सवय झालेली मुलं वीज गेली की दचकून उठतात. चार्जिंगचा पंखा जवळ ठेवा. झोपेआधी तासभर मोबाइल बंद.

एवढ्यावर भागलं नाही, तर बालरोगतज्ज्ञांना बद्धकोष्ठता, घोरणं आणि रक्तातलं लोह तपासायला सांगा. झोपेसाठीचं मेलाटोनिन दुकानातून परस्पर आणून देऊ नका. दाब-स्पर्शाच्या आवडीनिवडींबाबत मार्गदर्शनासाठी ऑक्युपेशनल थेरपीची चौकशी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात करा.