हातांची चित्रे

मुंबईच्या महात्मा फुले मंडईच्या प्रवेशद्वारावर दगडात कोरलेली शेतकऱ्यांची चित्रे आहेत. भाजीपाल्याच्या गर्दीत मान वर करून ती पाहणारे थोडेच! त्यांची रचना जॉन लॉकवुड किपलिंग यांची. हे इंग्रज शिल्पकार १८६५ साली मुंबईच्या सर जमशेदजी जीजीभाई कलाशाळेत शिक्षक म्हणून आले. मोगलीच्या गोष्टी लिहिणारे रुडयार्ड हे त्यांचेच चिरंजीव.

१८७० साली सरकारने त्यांच्यावर एक निराळेच काम सोपविले. उत्तर हिंदुस्थानात हिंडून, कारागीर कामात गढलेले असतानाच त्यांची चित्रे काढावयाची. एरवी चित्रकाराला बोलावीत ते राजेरजवाडे. येथे विणकर, कुंभार, रंगारी हे चित्राचे नायक झाले. शिमल्याच्या एका काष्ठशिल्पकाराचे चित्र याच वर्षीचे आहे. चित्राच्या शीर्षकात गावाचे नाव आहे, कारागिराचे नाही. ही चित्रे आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

अशा चित्राचे मोल काय, हे कळण्यास नगर जिल्ह्यातील हातमागाचे उदाहरण घ्यावे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), भिंगार, संगमनेर येथे पूर्वी अनेक माग चालत. १८८४ साली निघालेल्या सरकारी गॅझेटियरमध्ये या विणकामाची माहिती आहे. पण ती शब्दांत. विणकर जमिनीतील खड्ड्यात पाय सोडून बसतो. पायाने पावड्या दाबताच उभ्या ताण्याचे काही धागे वर उचलले जातात, काही खाली राहतात. मधल्या फटीतून धोटा धावतो आणि आडवा बाणा पडतो. लगेच फणीचा ठोका. हे सारे सांगावयास चार वाक्ये लागली, तरी पाठीचा बाक कितपत, कोपर अंगाशी की दूर, नजर धोट्यावर की धाग्यावर, हे राहिलेच! ते ज्ञान कारागिराच्या अंगात असते. यंत्रमाग आले, मुलगा दुसऱ्या धंद्याला लागला, की बापाच्या अंगातील ते ज्ञान त्याच्याबरोबरच जाते. माग संग्रहालयात ठेवता येतो. बसण्याची ढब ठेवावयाची तर कोणीतरी ती रेखाटलेली असावी लागते.

मात्र चालू कामाचे चित्र काढणे सोपे नव्हे. तांबटाच्या दुकानासमोर वही घेऊन बसलेल्या मुलाला हे लगेच कळेल. हात क्षणभरही थांबत नाही. हातोडा उगारलेला दाखवावा, की भांड्यावर पडलेला, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागेल.