भांगेची भजी करण्याआधी, मनू

मनू, तू पाठवलेलं भज्यांचं रील पाहिलं. हिरवंगार पीठ, कढईतला तो चर्र आवाज, वर चाट मसाला. तुमच्या सिडकोतल्या गच्चीवर धुळवडीला हेच करायचं चाललंय आणि आईला कळू द्यायचं नाही. बरं, नाही सांगत आईला. पण एवढं वाचून काढ.

भांग वाईटच, असलं काही मी सांगणार नाही. तुझा तो हुशार मित्र लगेच म्हणेल, इंग्रजांनी 1893 मध्ये आयोग नेमला होता आणि माफक वापरानं फारसं बिघडत नाही असंच त्यानं लिहून ठेवलंय. खरं आहे त्याचं. पण सगळी मेख त्या 'माफक' मध्ये आहे. ठंडाईचा पेला निदान दिसतो, एक झाला की हात आखडता घेता येतो. भजी कोण मोजतं गं? आपल्या घरात तरी अजून कुणी मोजलेली नाहीत. एक तोंडात, एक हातात, तिसऱ्यावर डोळा.

आणि पोटातून जाणारी नशा उशिरा चढते. धूर छातीत गेला की काही मिनिटांत कळतं. खाल्लेलं मात्र पचून यकृतातून जातं, आणि तिथे त्याचं जे रूप तयार होतं ते जास्त जोरकस असतं. अर्धा तास ते दोन तास काहीच जाणवत नाही. मग सगळे म्हणतात, 'काही दम नाही यात', आणि दुसरी ताटली भरून घेतात. पहिली ताटली चढायला लागते तेव्हा दुसरी पोटात गेलेली असते. हे सहा-आठ तास चालतं, कधी त्याहून जास्त. छाती धडधडते, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, आपण आता मरणार असं वाटतं. बरं, एका घाण्यात भांग सारखी मिसळली जातच नाही. एका भज्यात काहीच नसतं, शेजारच्यात दोघांपुरती असते.

आता तुमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात न आलेली गोष्ट, ती म्हणजे उरलेलं तेल. भांगेतला नशेचा अंश तुपातेलात विरघळतो, म्हणून तर लोक ती तुपात परततात. भजी तळताना तो थोडा का होईना कढईतल्या तेलात उतरणार. तुम्ही पोरं ते तेल टाकून देणार नाही, गाळून बरणीत भरून ठेवणार. दुसऱ्या दिवशी पोळ्यांच्या मावशी त्याच तेलाची पोह्यांना फोडणी घालतील. त्यांना काय माहीत? खालच्या मजल्यावरचं चार वर्षांचं पोर गच्चीवर येऊन ताटातलं भजं उचलेल, त्यालाही भजं म्हणजे भजंच. एवढ्याशा मुलाला हे चढलं की ते गाढ झोपतं, हाक मारून उठत नाही, कधी श्वास मंदावतो. आणि आपले नाना. त्यांची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, आणि अशा काही गोळ्यांशी भांगेचं अजिबात जमत नाही. खारं खाणं न विचारता खाल्लं जातं, माझी खरी भीती तीच आहे.

आता कायद्याचं. 'भांग तर सरकारी दुकानात मिळते' हे जैसलमेरला खरं आहे, आपल्याकडे नाही. 1985 च्या अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्यातून नुसती पानं सुटली आहेत, पण महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय भांग बाळगणं त्यात चालत नाही. त्यातून तुमची ती 'ओळखीच्याकडची' पुडी. तिच्यात नुसती पानं आहेत की शेंडेही, हे कोण ठरवणार? शेंडे निघाले की तो गांजा.

मग वजनाचा प्रश्न येतो, कारण शिक्षा त्यावर ठरते. गांजाची 'अल्प मात्रा' म्हणजे एक किलोपर्यंत, चरसाची शंभर ग्रॅम. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2020 मध्ये हिरा सिंग प्रकरणात सांगितलं की मिश्रण असेल तर त्यातला निरुपद्रवी मालही वजनात धरायचा. म्हणजे बेसन, कांदा, सगळं काट्यावर. दोन किलो भज्यांत मूठभर गांजा असेल तरी पोलिसांच्या हिशेबात तो दोन किलोचा होऊ शकतो. मुंबईत 2021 च्या जूनमध्ये मालाडच्या एका बेकरीवर अमली पदार्थ नियंत्रण विभागानं (एनसीबी) धाड घातली तेव्हा सुमारे 830 ग्रॅम गांजाचे ब्राउनी सापडले आणि अटका झाल्या. पुढच्याच महिन्यात माझगावात दहा किलोच्या आसपास चरसाचे ब्राउनी पकडले. केकच्या जागी भजी आली म्हणून कायदा बदलत नाही. तुझ्या पासपोर्टचं काम चालू आहे, तेवढं लक्षात असू दे.

एवढं सांगूनही कुणी आणलंच आणि कुणाला जड गेलं, तर चिंच, लिंबू, लोणचं चाटवत बसू नका. उलटी काढायला घशात बोटंही घालू नका. झोपलेल्याला कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, 108 ला फोन करा किंवा सरळ घाटी रुग्णालयात न्या, आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना खरं सांगा. लाजेपायी 'उन्हात फिरलो' सांगितलं की तपासण्या भलतीकडेच जातात. शुद्ध हरपली, फिट आली किंवा श्वास अडखळतोय असं वाटलं, तर तिथे वादच घालायचा नाही. लहान मूल असेल तर ते नीट दिसत असलं तरी न्यायचं.

तुला गंमतच करायची आहे ना? मग बियांची कर. भांगेच्या बिया नशा आणत नाहीत. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं (एफएसएसएआय) बिया, त्यांचं तेल आणि पीठ खाद्य म्हणून मान्यही केलं. कुमाऊंत त्यांची चटणी घरोघरी होते. बिया पाकीटबंद घे, एफएसएसएआयचा क्रमांक बघूनच, सुट्ट्या घेऊ नकोस. कोरड्या तव्यावर मंद आचेवर भाज, तडतडायला लागल्या आणि खमंग वास सुटला की लगेच उतरव, जरा उशीर झाला तर कडू होतात. टरफल कडक असतं, दातात येतं. म्हणून आधी बिया एकट्याच बारीक कर, मग जिरं, लाल मिरची, मीठ घालून पुन्हा फिरव. कुमाऊंत लिंबू पिळून ओली वाटतात. मी जवसाच्या चटणीसारखी कोरडी ठेवते आणि लसूण सढळ घालते, कारण त्याशिवाय आपल्याकडच्या भाकरीला ती लागतच नाही. भज्यांवर भुरभुर, दह्यात कालव, नाहीतर भाजक्या पोह्यांच्या चिवड्यात शेवटी दोन चमचे टाक. आणि बरणीवर चिठ्ठी लाव, 'बियांची चटणी, नशा नाही', नाहीतर तुझा तो मित्र पहिल्या घासालाच झिंगल्याचं नाटक करेल.

कांदा कापायला संध्याकाळी येते. मोठी कढई माझ्याकडेच आहे, ती घेऊन येईन. तू फक्त बेसन ताजं आण, मागच्या वेळचं खवट वासाचं होतं.